बायकोने बनवलेलं ब्रॅकेट

आमची छोटी गाडी कसारा घाट चढताना धापा टाकायची. म्हणून मी भंगारातून एका परदेशी गाडीचा सुपरचार्जर आणला. तो इंजिनात जास्त हवा दाबून भरतो, त्यामुळे ताकद वाढते. पण आमच्या इंजिनावर तो बसेना.

माझी बायको अंबडच्या कारखान्यात मशीनवर काम करते. तिने मापं घेऊन त्याच्यासाठी पोलादी ब्रॅकेट बनवलं. पहिलं थरथरून तडकलं, तेव्हा तिने जाड पत्र्याचं दुसरं केलं.

कल्याणहून परतताना गाडी तीच चालवत होती. चौघं बसलेली असूनही गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढली. घोटीला चहासाठी थांबल्यावर तिने बॉनेट उघडून वाकून पाहिलं.

"जागचं हललेलं नाही," ती म्हणाली.

चहावाला डोकावला. त्याने विचारण्याआधीच मी सांगून टाकलं, "हे आमच्या हिने बनवलंय."