लमाश्तूच्या वहाणा

फरातकाठच्या सिप्पार गावात कुणाचं तान्हं तापलं की आधी मांत्रिकाला बोलावत, पाठोपाठ बेल्तानीला. मांत्रिक मातीची लमाश्तू घडवायचा, मंत्र म्हणायचा आणि निघून जायचा. तिची शिदोरी बांधून तिला गावाबाहेर पोचवायचं काम बेल्तानीचं. ही लमाश्तू आकाशदेव आनूची लेक. बापानंच घराबाहेर काढलेली, तेव्हापासून लोकांची लेकरं पाजायला मागत दारोदार हिंडणारी. तिनं पाजलं की लेकरू संपलं. अशा बाईला नुसतं हाकलून भागत नाही, नीट बोळवण करावी लागते.

बेल्तानी या कामाला विटली होती. गुडघे दुखत, वाट सरता सरत नसे. पण नाही म्हणायची सोय नव्हती. तान्ही तापायची काही थांबत नव्हती.

त्या दिवशी एरिश्तुमच्या घरून बोलावणं आलं. नातवानं दूध सोडलं होतं. सून राबातुम त्याला छातीशी धरून भिंतीला टेकली होती, रडून रडून डोळे सुजलेले. बेल्तानीनं शिदोरी उघडून पाहिली. फणी, सूत कातायची चाती, तेलाची कुपी, सातूची भाकर, सगळं होतं. तळाशी वहाणा होत्या. एकीचा पट्टा तुटून गाठ मारलेला.

"या कुणाच्या गं?"

"गड्याच्या," एरिश्तुम म्हणाली. "मातीच्या बाहुलीला काय नव्या कोऱ्या हव्यात? लग्नाला जायचंय का तिला?"

"डोंगरापर्यंत चालायचंय. पट्टा तुटला की अर्ध्या वाटेवरून माघारी येते ती. घर ठाऊक असतं तिला."

"पुरे! तू तर त्या मेलीची सख्खी बहीणच झालीस."

बेल्तानीनं शिदोरी पुन्हा बांधली. वाद घालायचं त्राणच नव्हतं. तिची स्वतःची धाकटी लेक तापली तेव्हा घरात एकच जोड होता, फाटका. तोच तिनं दिला होता. दिवस मावळायच्या आत पोर गेली. लमाश्तू नदीवरूनच परतली असणार, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

उंबऱ्याबाहेर येताच तिनं गड्याच्या वहाणा बाजूला टाकल्या आणि आपल्या काढून शिदोरीत घातल्या. उन्हं कलली होती तरी वाट पोळत होती. फरात नदीच्या काठावर काटेरी झुडपापाशी तिनं बाहुली ठेवली, तिचं तोंड डोंगराकडे केलं, वहाणा पुढ्यात मांडल्या.

"जा बाई," ती म्हणाली. "दमली असशील. मीही दमलेय. पण आता मागं फिरू नकोस."

दुसऱ्या दिवशी पोर दूध प्यालं. एरिश्तुमनं मांत्रिकाकडे बकरं पाठवलं. राबातुमनं मात्र आदल्या दिवशी दारातून सारं पाहिलं होतं. बाळाला कडेवर घेऊन ती नव्या, जाड तळाच्या वहाणा घेऊन आली. बेल्तानीच्या तळव्यांचे फोड पाहून तिला रडूच फुटलं.

"मावशी, घाला ना. माझ्यासमोर घाला."

"घालते गं बाई, जरा टेकू तर दे."

राबातुम गेल्यावर बेल्तानी भिंतीला धरून उठली. वहाणा तिनं कोनाड्यात ठेवल्या, पुढच्या बोळवणीसाठी जमवलेल्या फणी, चाती आणि तेलाच्या कुपीशेजारी. पुढच्या घरी कसल्या वहाणा निघतील, काय सांगावं. मग ती तळव्यांना तेल चोळत बसली.