बाबांचे बुडालेले बाजार
पित्ताच्या गुलाबी औषधाचा पेपरमिंटसारखा वास आला की बाबांचे बुडालेले शुक्रवार आठवतात. रोज गोळी घेऊनही त्यांचं कोलेस्टेरॉल उतरेना, तेव्हा “म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरून भजी खाता,” म्हणत मीच त्यांचं जाणं बंद केलं. ते दारापुढच्या सोप्यावर बसून म्हापशाची बस जाताना बघत राहायचे. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, “गोळी कशाबरोबर घेता?” बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, “माझो झील देता ना, त्या गुलाबी औषधाबरोबर.” “अहो, ते ह्या गोळीनंतर दोन तासांनी घ्यायचं. एकत्र घेतलं की गोळी अंगी नीट लागत नाही.” माझी मान खाली गेली. बाबांनी मला एवढंच विचारलं, “मग ह्या शुक्रवारी जाऊ ना रे?” आज तीच गोळी मीही घेतो. छातीत जळजळलं तरी दोन तास बाटली उघडत नाही. सोप्यावर त्यांच्या जागी बसून राहतो.