हिचा जमाना यायचाय

माझ्या वडिलांचं एक ठाम मत होतं. मोठ्या इंजिनाच्या जुन्या अमेरिकन गाड्यांना पुढे सोन्याचे दिवस येणार, शौकीन लोक त्या शोधत गावोगाव फिरणार आणि ज्यांनी त्या भंगारात घातल्या ते कपाळाला हात लावून बसणार. आल्यागेल्या प्रत्येकाला ते हे ऐकवायचे, आणि त्यांचा पुरावा दारातच उभा होता. आसमानी रंगाची, मागे माशासारखे पंख फुटलेली, पुढे चार दिव्यांची अवाढव्य गाडी. तिचं नाक आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये असायचं आणि शेपूट गल्लीत. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका तिच्या डिकीवर कुरडया वाळत घालायच्या. ती लवकर तापायची, म्हणून आमच्या दारच्या कुरडया सगळ्यांच्या आधी वाळायच्या. गाडीचा तेवढा एक उपयोग आई मान्य करायची.

एरवी ती तिला सवत म्हणायची. दर रविवारी सकाळी वडील बादली घेऊन निघाले की आईचं सुरू व्हायचं, "निघाले सवतीला अंघोळ घालाया. घरच्या बाईला कदी इचारलं नाय, पाणी तापवू का म्हनून."

"थांब जरा," वडील म्हणायचे. "हिचा जमाना यायचाय."

ही गाडी मुळात शहरातल्या एका जहागीरदार घराण्याची. त्यांच्याकडून ती एका टुरिस्ट गाड्यांच्या मालकाने घेतली आणि वडील त्या मालकाकडे ड्रायव्हर होते. परदेशी पाहुण्यांना अजिंठ्याला न्यायचं, ते लेणी बघून येईपर्यंत फर्दापूरला गाडी पुसत बसायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, ही त्यांची नोकरी. मालकाने धंदा आवरला तेव्हा बाकीच्या गाड्या पटापट खपल्या. हिला मात्र कोणी हात लावेना, कारण आठ सिलिंडरचं इंजिन पेट्रोल पाण्यासारखं प्यायचं. शेवटी वडिलांनीच ती घेतली. तेव्हापासून ती आमच्या घरातली सगळ्यात मोठी खोली होती, फक्त तिच्यात राहता येत नव्हतं.

मला ती गाडी नको होती, हे सरळच सांगते. तेव्हा मी वाळूजच्या एका कंपनीत नुकती लागले होते. दीड खोलीचं घर, त्यात आम्ही तिघं, आणि शेडच्या जागेत एक चांगली खोली निघाली असती. मी तसं म्हणून दाखवलं की वडील वाद घालायचे नाहीत. गाडीकडे बघायचे आणि तेच म्हणायचे. डोळ्यांवर मोतीबिंदू चढायला लागला होता, लांबच्या फेऱ्या बंद झाल्या होत्या. उरलेल्या आयुष्यात मिरवण्यासारखं त्यांच्याकडे हेच एक होतं, की आपल्या दारात नायाब चीज उभी आहे आणि ते फक्त आपल्याला कळलंय.

आता या चिजेचं आम्ही काय केलं होतं तेही सांगायला हवं. पेट्रोलचे भाव चढले तेव्हा गाडी बरेच दिवस बसून होती. इकडे शहराभोवती कंपन्या उगवत होत्या. आधी चिकलठाणा, मग पैठण रोडला चितेगाव, मग वाळूज. शिफ्टला माणसं पोचवायला कुणीतरी हवंच होतं. वडिलांनी शहागंजच्या एका मिस्त्रीचाचांना गाठलं. चाचांनी बॉनेट उघडून बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाले, "ये दिल बहुत खाता है, मियाँ. इसकू निकालो, डीजल का डालते." आणि खरंच, त्यांनी ते आठ सिलिंडरचं इंजिन साखळीला टांगून बाहेर काढलं आणि आत एका टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. गिअरसाठी तळाला भोक पाडलं. मागची मऊ सीट काढून दोन्ही बाजूंना लाकडी बाकं ठोकली. जहागीरदारांच्या गाडीत जिथं बेगमा बसायच्या तिथं डबे मांडीवर घेऊन फिटर आणि वेल्डर बसायला लागले. जुनं इंजिन बिडाच्या भावाने चिकलठाण्याच्या एका फाउंड्रीत गेलं आणि वितळलं. आमच्या घरातून कंपनीत सगळ्यात आधी ते इंजिन लागलं, मग मी.

तर हे सगळं करूनही वडील म्हणत होते की हिचा जमाना यायचाय. यात काही विसंगती आहे असं आमच्या घरात कोणालाही कधी वाटलं नाही. गाडी म्हणजे तिचं बाहेरचं रूप, इंजिन काय, बदलायचीच गोष्ट, असं आम्ही धरून चाललो होतो.

आणि एक दिवस जमाना खरंच आला. पुण्याचे एक गृहस्थ कंपनीच्या कामासाठी वाळूजला आले होते. जुन्या गाड्या जमवायचा त्यांना नाद होता. गेटसमोर त्यांनी आमच्या गाडीतून माणसं उतरताना पाहिली आणि ते रस्ता ओलांडून वडिलांकडे आले. हिच्यासारखीच एक त्यांच्याकडे होती म्हणे. रविवारी घरी येऊन नीट बघतो आणि जमलं तर घेतो, असं सांगून ते गेले.

वडील घरी येऊन हे सांगतील तेव्हा सगळी गल्ली डोक्यावर घेतील, अशी कोणाचीही कल्पना झाली असती. ते जेवायला बसले आणि भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "रैवारी एक जन येनार हाय. गाडी बघाया." बास. आईने विचारलं, "घेनार हाय का?" ते म्हणाले, "बघू म्हनला." मला तर आनंद व्हायला हवा होता. मी मनातल्या मनात खोलीची खिडकी कुठे काढायची तेही ठरवलं होतं. पण वडिलांची भाकरी ताटात तशीच राहिली आणि मला त्या खिडकीचा विचार करवेना.

तेव्हा मला उमगलं की या माणसाची पंचाईत झाली आहे. इतकी वर्षं जे म्हणत आले ते खरं ठरलं तर गाडी जाणार. खोटं ठरलं तर गाडी राहणार, पण ते गल्लीत वेडे ठरणार. दोन्हीकडून मारच. म्हातारपणी बापाला यातलं काहीही सोसेल असं मला वाटत नव्हतं.

रविवारी सकाळी वडिलांनी गाडी धुतली नाही. कधी नव्हे ते. गिऱ्हाईक येणार म्हणून लोक चकचकीत करतात, आणि यांनी बादलीला हात लावला नाही. वर्तमानपत्र उघडून बसले, तेही उलटं धरून असेल कदाचित, मला खात्री नाही. मी बाहेर जाऊन धूळ तरी पुसावी म्हणून फडकं घेतलं, तर पुढच्या बंपरला आतल्या बाजूने काळा दोरा बांधलेला. आमच्या घरात दृष्ट, गंडेदोरे असलं काही चालत नाही, धम्म घेतला तेव्हाच ते सुटलं. गल्लीत दुसरं कोणी बांधणार नव्हतं. मी आत बघितलं, आई चूल फुंकत होती आणि माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हती. वर्षानुवर्षं सवत सवत म्हणून जिचा उद्धार केला तिला कोणाची नजर लागू नये म्हणून ही बाई पहाटे उठून दोरा बांधून आली होती. मी फडकं झटकून आत आले.

पाहुणे आले. साधे, अदबशीर गृहस्थ. आधी त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पंखांवरून हात फिरवला आणि वडिलांना म्हणाले, "तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पेट्रोल महागलं म्हणून लोकांनी या दांडग्या गाड्या मोडीत काढल्या, त्यामुळे आता त्या फार थोड्या उरल्यात. अजून काही वर्षांनी यांना भलती किंमत येईल."

वडिलांनी मान हलवली. त्यांचा चेहरा इतका पडला होता की बघवत नव्हता.

मग पाहुण्यांनी बॉनेट उघडलं.

बराच वेळ ते वाकूनच राहिले. शेवटी सरळ होऊन त्यांनी विचारलं, "हिचं मूळ इंजिन कुठं आहे?"

"ते कंपनीत गेलं," वडील म्हणाले.

"कुठल्या कंपनीत?"

"आता कुठं कुठं सांगू? वितळलं ते. कोनाच्या पंपात आसंल, कोनाच्या लेथमधी आसंल."

पाहुण्यांनी दार उघडून लाकडी बाकं पाहिली, तळाचं भोक पाहिलं. मग डिकीपाशी गेले. डिकीच्या पत्र्यावर खोलगट पोचे होते. ते कसले म्हणून त्यांनी विचारलं आणि वडिलांनी सांगितलं, "दगडाचे." विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी वस्त्या पेटल्या, तेव्हाचे ते पोचे. माझी मावशी कन्नडकडच्या एका खेड्यात होती. तिचं घर जळाल्याचं कळलं तसे वडील गाडी घेऊन गेले आणि मावशीला, तिच्या पोरांना आणि एका शेळीला घेऊन आले. गावाबाहेर पडताना मागून दगड आले. तेव्हा आत आठ सिलिंडरचंच इंजिन होतं. एका झटक्यात गाडी अशी निघाली की दगड मारणारे मागे राहिले. अर्थात वडिलांनी पाहुण्यांना एवढं काही सांगितलं नाही, दगडाचे म्हणाले आणि थांबले.

"काका, स्पष्ट बोलू का?" पाहुणे म्हणाले. "या गाड्यांची किंमत म्हणजे त्या कारखान्यातून जशा निघाल्या तशा असण्याची किंमत. इंजिन तिचंच पाहिजे, सीट तिचीच पाहिजे. ही गाडी आता ती राहिलेलीच नाही. संग्राहक हिला घेणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही."

मी वडिलांकडे बघितलं. हाच तो क्षण, आता हा माणूस खचणार. आणि वडील हसायला लागले. आधी गालातल्या गालात, मग असे की त्यांना खोकला आला. "म्हंजी माझं खरं होतं," ते म्हणाले, "पर आपल्या गाडीला लागू नाय!"

"अगदी तसंच," पाहुणेही हसले.

आमच्या तिघांचाही जीव एकदमच भांड्यात पडला. मी पायरीवर बसलेच. गाडी राहिली होती आणि बाप शहाणा ठरला होता, दोन्ही एकदम. असं काही होऊ शकतं हे मला सुचलंच नव्हतं. आतून आईने न विचारता पुन्हा चहा टाकल्याचा आवाज आला.

वडिलांना तर आता कंठ फुटला. त्याच वर्षी संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं होतं. म्हणजे मागणी नामांतराची होती आणि झाला नामविस्तार: जुनं नाव तसंच राहिलं, त्याच्या आधी नवं जोडलं गेलं. आमच्या वस्तीत त्यावर महिनोन्महिने खल चालला होता, हे जिंकणं की तडजोड. वडिलांनी बॉनेट खाली ओढलं, त्यावर थाप मारली आणि पाहुण्यांना म्हणाले, "साहेब, ती राह्यली नाय आसं म्हनू नका. ही तीच हाय. हिचा नामविस्तार झालाय."

पाहुण्यांनी हात जोडले.

चहा घेऊन झाल्यावर ते जरा घुटमळले. म्हणाले, "काका, एक विनंती होती. माझ्या गाडीचे पुढचे दिवे फुटलेत, तसे कुठेही मिळत नाहीत. तुमचे चारही मूळचे आहेत. ते मला द्याल का? मी दुसरे बसवून देतो. तुमची गाडी तशीच चालेल."

माणूस भला होता, लांबून आला होता आणि खरं बोलला होता. वडिलांना भिडस्तपणा नडतोय हे मला दिसत होतं. ते दिव्यांकडे बघत म्हणाले, "आता तुमी एवढं म्हनताय तर..."

"नाय."

आई दारात उभी होती, पदराने हात पुसत. परक्या माणसासमोर ती सहसा बोलायची नाही.

"मी त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी हुबी व्हते," ती म्हणाली. "दिवस बुडाला तरी हे येईनात. माझी बहीन जित्ती हाय का नाय, ठावं नाय. एकेक गाडी वळायची, दोन दिवे दिसायचे, आन् मी म्हनायचे, ही नाय. आन् मंग चार दिवे वळले." तिने पदर खोचला. "सवत हाय ती माझी, दादा. पर तिचे डोळे मी कोनाला काढू देनार नाय."

पाहुणे पुढे झाले. आईला वाकून नमस्कार करायला लागले तेव्हा तीच मागे सरली.

त्यांना स्टेशनला सोडायला वडील निघाले. डिझेलचा काळा धूर गल्लीभर झाला. पाहुणे पुढच्या सीटवर, मागची लाकडी बाकं रिकामी. गल्लीच्या तोंडाशी वळण घ्यायला गाडी थोडी मागे आली, तिचं नाक आमच्याकडे फिरलं आणि भर दुपारी, लख्ख उन्हात, चारही दिवे लागले.

"बॅटरी उतरंल की!" आई ओरडली. "येडा मानूस."

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ती दारातून हलली नाही.