चवीच्या नावाखाली पेटलेली चूल

आमच्या घरी चूल पेटली ती चवीसाठी, असं मी अख्ख्या शिवाजी पेठेला सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली नवऱ्याची कंपनी बंद पडून तीन महिने झाले होते, सिलिंडर संपला होता आणि दुसरा आणायची ऐपत नव्हती. पण "गॅस संपलाय" हे दोन शब्द काही केल्या माझ्या तोंडून बाहेर पडेनात. मग परसात बंबाशेजारी तीन विटा मांडल्या आणि शेजारणींना म्हटलं, "चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला न्हाय बघा." जेवणाचा विषय निघाला की कोल्हापुरात कुणी शंका घेत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

नवरा माझ्याही पुढचा. एकेकाळी तालमीच्या टीमकडून फुटबॉल खेळलेला, संध्याकाळी अजून तिथंच बसणारा. कुणीतरी त्याला म्हणालं, वैनींनी चूल मांडलीया म्हणं. झालं! "मग! या की रविवारी सगळी, तांबडा-पांढरा करू," असं सांगून हा आठ जणांना आमंत्रण देऊन आला. वर घरी येऊन मला सांगताना चक्क खुशीत होता. डब्याच्या तळाला चार दिवसांचे तांदूळ उरलेले, आणि ह्याच्या डोक्यात मटण. ह्यालाच रश्श्यात घालावं असं मला वाटलं. पण त्याला तरी काय बोलणार? त्याला नाही म्हणता येत नव्हतं आणि मला खरं सांगता येत नव्हतं.

रेशनचं धान्य मिळालं असतं, पण ते मीच सोडलं होतं. ओव्हरटाइम जोरात होता त्या दिवसांत, गरज नसेल त्यांनी हक्क सोडावा असं सरकारचं आवाहन आलं. मी गल्लीतल्या रेशन दुकानात गेले, ताठ मानेनं फॉर्म भरला आणि दुकानातल्या बायकांना ऐकवून आले, "आमच्या वाटचं एखाद्या गरिबाला द्या." ते दुकान महिलांचा बचत गट चालवतो. आता त्याच काउंटरवर तोंड घेऊन कसं जायचं? सासूबाई अर्ध्या भाकरीवर उठायला लागल्या, लेक "भूक नाही" म्हणायला लागली, तरी माझे पाय तिकडे वळले नाहीत. मला त्यांच्या भुकेपेक्षा माझी लाज मोठी वाटत होती, आणि हे लिहिताना आजही माझा मलाच राग येतो.

त्या गुरुवारी दुपारी अक्का आमच्या दारात उभी राहिली. अक्का म्हणजे त्या बचत गटाची प्रमुख. साठीची, माहेर कर्नाटकाच्या सीमेवरचं. ती येईल त्या प्रत्येक बाईला अक्का म्हणते, म्हणून आम्हीही तिला अक्काच म्हणतो. तिचा आवाज असा की दुकानातून हाक मारली तर गल्लीच्या टोकाला माणूस वळून बघतो. "चूल बघाय आलीया," म्हणाली आणि थेट परसात जाऊन उकिडवी बसली. एका काडीनं राख चाळवली. सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, चहा नको म्हणाली आणि निघताना माझं कोपर धरून मला दाराबाहेर घेऊन आली.

तिथं ती हळू बोलली. अक्काला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"चवीसाठी चूल मांडणारी माणसं बाभळीचं लाकूड आणत्यात अक्का. खुर्चीचा पाय जाळत न्हाईत."

मी तिथंच रडायला लागले. तिनं माझे डोळे पुसले नाहीत की पाठीवर हात फिरवला नाही. माझं संपेपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या धा वाजता पुरवठा हापिसात ये. कार्ड, सगळ्यांची आधार, लाईटबिल आणि कंपनी बंद झाल्याचा कागद. आणि नवऱ्याला सांग, दोस्तांस्नी खरं काय ते सांगून टाक म्हणावं."

नवऱ्यानं त्याच संध्याकाळी तालमीत सांगितलं. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. काय म्हणाले विचारलं तर म्हणाला, "शिव्या घातल्या. आधी का सांगितलं न्हाईस म्हणून." रविवारी आठही जण आले. मटण त्यांचं, मसाला त्यांचा, लाकूडसुद्धा त्यांनीच सायकलवर घालून आणलेलं. हात धुताना एकानं रश्श्यात मीठ जरा कमी पडल्याचं सांगितलंच, आणि मला कितीतरी दिवसांनी मोकळं हसू आलं.

पुरवठा कार्यालयात मात्र पहिल्याच दिवशी गाडं अडलं. एकदा सोडलेलं धान्य परत हवं तर नव्यानं अर्ज, आणि आमच्या भागाला जितक्या माणसांचं धान्य मंजूर होतं तितकी नावं आधीच भरलेली. "जागा नाही," क्लार्क म्हणाले. मी उठायला लागले तर अक्कानं मला खाली बसवलं. तिच्या कापडी पिशवीत डिंकाची बाटली, शाईपॅड आणि कुणाकुणाच्या झेरॉक्स असतात. त्यातून तिनं एक कागद काढला. तिच्या दुकानाच्या यादीत अजून असलेली, पण वारलेली माणसं आणि लग्न होऊन दुसऱ्या गावच्या कार्डावर गेलेल्या मुली. घरोघर फिरून, घरच्यांना समजावून, त्यांच्या सह्या घेतलेल्या.

"ही नावं कमी करा की सायेब. जागा झाली का न्हाय?"

क्लार्कनी चष्मा सारखा केला, कागद दोनदा वाचला आणि आमचा अर्ज घेतला. असली शहाणी चिकाटी मी मोठमोठ्या शिकलेल्यांत पाहिली नाही. चार हेलपाटे झाले, दर वेळी ती बरोबर आली. गॅसच्या मदतीचा अर्जही तिनंच माझ्याकडून भरून घेतला. मधल्या दिवसांत गटातल्या बायका आपापल्या डब्यातलं पीठ-तांदूळ पाठवायच्या, आणि मी दुपारी दुकानात बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे.

मंजुरी आली त्या दिवशी मी अक्काला हळूच विचारलं, "दुपारी शटर अर्धं असतं तेव्हा नेऊ का?"

मग मात्र तिचा नेहमीचा आवाज लागला. "चोरीचा माल हाय व्हय? तुझ्या घरच्यांच्या नावावर आलंय. सकाळी लायनीत हुबी ऱ्हा!"

मला तिचा भयंकर राग आला. रात्रभर मनात तिला बोलत होते. तरी सकाळी पिशव्या घेऊन गेले आणि पंधरा-वीस बायकांच्या मागं उभी राहिले. माझी पाळी आली.

"किती माणसं?" अक्कानं विचारलं. जसं काही तिला माहीतच नव्हतं.

"चार."

"ऐकू येईना."

"चार!" मी ओरडलेच. सगळी लाईन माझ्याकडे बघत होती. मी मशीनवर अंगठा ठेवला, तिनं तांदूळ मोजून पिशवीत ओतला, आणि माझं काहीही कमी झालं नाही.

दुकानाच्या पायरीवर कुणीतरी माझा दंड धरला. पलीकडच्या अपार्टमेंटमधली बाई होती ती. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत होता. अंगावर इस्त्रीची साडी, हातात पर्स, सहज चालता चालता थांबल्यासारखी उभी. इतके महिने आम्ही दोघी रस्त्यात भेटलो की एकमेकींना हसून दाखवत होतो, सगळं बरं चाललंय असं.

"वैनी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक की मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला, "त्या हापिसात काय काय कागद लागत्यात?"

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागले.