पेटीशिवायचा शुक्रवार

गळ्यातली गाठ काढल्यावर मी देवाशी बोलणं सोडलं. एक तर बोलायला आवाजच नव्हता, आणि दुसरं म्हणजे मला त्याचा राग आला होता. गुडघे घेतले असते तर चाललं असतं, ते तसेही कामातून गेलेत. गळाच का? चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, विड्या वळून संसार केला, दुसरं मला काही येत नाही. पण सोलापूरला सून म्हणून आले तेव्हापासून आमच्या चर्चमध्ये मिस्साचं, म्हणजे उपासनेचं, गाणं मी उचलायचं, हे ठरून गेलं होतं. पहिली ओळ माझी, मग पेटी, मग क्वायरच्या बाकीच्या बाया. वाचायला मला वेळ लागतो, म्हणून मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता सगळी गाणी तोंडपाठ केली. त्या गाण्यांचा कुणी मोबदला दिला नाही, मी मागितला नाही. देवानं निदान एवढं तरी ध्यानात ठेवायला हवं होतं, असं मला वाटे.

डॉक्टर म्हणाले होते, आवाज येईल, पण पहिल्यासारखाच येईल असं सांगता येत नाही. आला तो घोगरा, मध्येच तुटणारा. सुनेला हाक मारली तर नातू म्हणाला, घरात कोण पुरुष आलाय. मी हसले, पण मोरीत जाऊन तोंड धुतलं.

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. आमच्यात पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी गौरवगीत झालं की सगळी वाद्यं बंद होतात. पेटीला कुलूप, तबला खोळीत, घंटेच्या जागी लाकडाचा खटखटा. शनिवारी पुनरुत्थानाच्या मिस्सात पुन्हा गौरवगीत येईपर्यंत असंच. म्हणजे गुड फ्रायडेला जे काही म्हणायचं ते नुसत्या गळ्यानं. त्या दिवशी दुपारी लोक रांगेनं येऊन क्रूसाचं चुंबन घेतात, आणि रांग संपेपर्यंत मरियामातेचा विलाप चालू ठेवायचा असतो. चाल जुनी, जात्यावरच्या ओवीसारखी, पण दुसऱ्या ओळीला एकदम वर चढणारी. रांग मोठी असते. गळा टिकावा लागतो.

गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी फादरांनी मला बाजूला घेतलं. आमचे फादर तरुण आहेत, मनानं चांगले, फक्त घाई फार.

“मावशी, यंदा विलाप स्पीकरवर लावू या. पास्कलनं मोबाईलवर गाणं उतरवून ठेवलंय.”

पास्कल हा आमचा पेटीवाला. तो खाली मान घालून उभा होता.

“पेटीला कुलूप लावायचं आणि मोबाईल वाजवायचा?” मी म्हटलं. “का, तुमचा मोबाईल उपास धरत नाही वाटतं?”

पास्कल फिस्सकन हसला. फादरही हसले. “मग म्हणणार कोण?”

“मी हाय की.”

“आवाजाचं काय?”

“ते माझं आणि देवाचं बघून घेऊ आम्ही.”

फादरांनी पास्कलकडं बघितलं. मग म्हणाले, “ठीक आहे. पण मध्ये अडलात तर मी पास्कलला खूण करणार. आणि मग पुढच्या रविवारपासून गाणं दुसरं कुणी उचलेल. वाईट वाटून घेऊ नका.”

“वाटणार,” मी म्हटलं, “पण सोसून घेईन.”

बोलले खरी, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. माझी जागा जाणार होती, आणि ती गेल्यावर मी चर्चमध्ये नुसतं बाकावर बसून काय करणार, हे मला सुचत नव्हतं. इतक्या महिन्यांनी त्या रात्री मी देवाशी बोलले. गोड काही बोलले नाही. म्हटलं, तुझ्याच आईचा विलाप आहे. माझी लाज राखायची नसेल तर नको राखूस, तिची तरी राख.

गुड फ्रायडेला ऊन असं होतं की चपला काढून ठेवल्या तिथं परत पाय टाकवेना. चर्च गच्च भरलेलं. खटखटा वाजला, क्रूस पुढं आणला, रांग लागली. फादरांनी माझ्याकडं बघितलं. मी उभी राहिले आणि सूर धरला. पेटी नसली की सूर आठवणीतून काढावा लागतो, आणि माझ्या आठवणीत माझा जुनाच गळा बसलेला. पहिली ओळ निभावली. दुसऱ्या ओळीला वर चढायला गेले आणि आवाज फाटला. सरळ फाटला, टेरीकॉटचं कापड फाटावं तसा. पुन्हा धरला, पुन्हा तिथंच फाटला. पुढच्या बाकावरच्या पोरी तोंडावर रुमाल धरून बसल्या. क्वायरच्या बाया माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी उचलल्याशिवाय त्या कधीच म्हणत नाहीत. मी फादरांकडं बघितलं नाही, पण पास्कलचा हात खिशाकडं गेलेला दिसला.

तेवढ्यात अगदी मागून, दाराजवळच्या शेवटच्या बाकावरून एक आवाज आला. शब्द नव्हते, नुसता आकार. बाईचा आवाज, जाड, खालचा, पण सरळ. माझीच चाल, फक्त कितीतरी खालून. दोन ओळी तिनं तशाच ओढल्या. कोण आहे ते मला दिसत नव्हतं. मला एवढंच कळलं की कुणीतरी खाली सतरंजी अंथरलीय आणि मी उगाच माळ्यावर लटकून राहिलेय. मी माझा सूर सोडून दिला आणि तिच्या सुरात जाऊन बसले. आवाज घोगराच निघाला, पण निघाला. दुसऱ्या ओळीची चढण आली आणि कधी मागं पडली ते कळलंही नाही.

मग जे झालं ते मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. आमच्याकडचे पुरुष गाण्याला नुसते ओठ हलवतात. त्या दिवशी डावीकडच्या बाकांवरून आधी एक म्हातारा म्हणू लागला, मग दोघं, मग सगळी ओळ. बाया आल्या, रुमालवाल्या पोरीही आल्या. रांगेत उभी असलेली माणसं म्हणत पुढं येत होती, क्रूसावर वाकत होती, उठून पुन्हा ओळ धरत होती. विलाप एकदा संपला, दुसऱ्यांदा संपला, तिसऱ्यांदा आम्ही पहिल्यापासून धरला. भिंतींना तो आवाज मावेना. दुःखाचा दिवस होता, आणि माझ्या छातीत लग्नाच्या वरातीसारखं वाजत होतं. पास्कल मोबाईल परत खिशात टाकून, डोळे मिटून सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होता.

प्रार्थना संपल्यावर मी तडक मागं गेले. ती बाई दाराबाहेर माठातून बाटली भरत होती. कपाळाला विभूती, डोक्यावर पदर, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान.

“तुमीच म्हटलं का मागून?” मी विचारलं.

“व्हय अक्का. चुकलं का? लई वर धरला होता की तुमी. मला ऱ्हावलं न्हाय.”

“चाल कुठं शिकलाव?”

“ही चाल आमच्यात बी हाय. आमच्या गावाला, मैंदर्गीला, आमी बाया भजनात म्हणताव, पर कन्नडमदी. तुमचं शब्द काय मला येईनात, म्हणून नुसतंच ओढलं.”

तिचा नवरा जवळच्या दवाखान्यात होता. पोटाचं ऑपरेशन झालेलं. ती पाण्यासाठी आत आली होती, गार वाटलं म्हणून बसली होती. मी नवऱ्याचं नाव विचारलं.

“सिद्धाराम. का वं?”

“प्रार्थनेत घेते.”

“घ्या की. देवाला काय, कुटनं बी ऐकू जातंय,” असं म्हणून ती बाटलीचं झाकण लावत दवाखान्याकडं निघून गेली. नंतर ती दिसली नाही. मी चौकशीही केली नाही. रोज संध्याकाळी सिद्धारामचं नाव मात्र घेते.

ती पाण्याला आली होती, हे मला कळतं. पाणी घ्यायला माणसं रोजच येतात. पण ती त्या घटकेला आली, तिला ती चाल येत होती, आणि परक्या चर्चमध्ये तोंड उघडायला ती लाजली नाही. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी ठरवलंय.

शनिवारी संध्याकाळी मेणबत्त्या पेटल्या, पेटीचं कुलूप निघालं. पास्कल माझ्याकडं वाकून म्हणाला, “मावशी, आता काळी पाचची उंच पट्टी नको. खाली पांढरी चारवर धरतो. कालसारखं.”

“आधी का नाही सुचलं रे तुला?”

“तुम्हाला खाली या म्हणून कोण सांगणार, मावशी? मला जीव प्यारा आहे.”

खरंच होतं ते. माझ्या उंच सुराला पुरुषांचा गळा पोचतच नव्हता, म्हणून ते बिचारे ओठ हलवत होते. आणि मी आपली समजत होते की माझ्यावाचून चर्च मुकं आहे.

फादरांनी गौरवगीत सुरू करायची खूण केली ती पास्कलला नव्हे, मला. घंटा वाजल्या, तबला वाजला, मी पहिली ओळ उचलली आणि सगळं चर्च एकदम माझ्यावर येऊन आदळलं. मधल्या कडव्यात मला दम लागला. मी थांबले. मान वर करून बघितलं, तर गाणं चाललंच होतं, माझ्याशिवाय, जोरात. मला त्याचं वाईट वाटलं नाही. प्रभू उठला होता आणि मला दोन श्वास घ्यायला फुरसत मिळाली होती. मी त्याला म्हटलं, बरं झालं, हे आता तूच सांभाळ. मग पदरानं घाम पुसला आणि पुढच्या ओळीला त्यांच्यात शिरले.