एका दिवसाला एकच टिंब

मंगळवारी दुपारी माझे पती ऑफिसात वारले. ऑफिसातून मुलीला फोन आला. मुलीने मला सांगितलं. बुधवारी जुहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेनंतर जावई आणि ऑफिसातली माणसं त्यांना दफन करून आली. मी घरी होते.

त्या मंगळवारी आमच्या जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर एका जहाजाला आफ्रिकेचा किनारा सोडून अकरा दिवस झाले होते.

हे नीट सांगायला हवं. दुबईतल्या अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या भिंतीवर अटलांटिक महासागराचा नकाशा होता. चार मोठे कागद जोडून, खळ लावून माझ्या पतींनी तो भिंतीलाच चिकटवला होता. उजव्या हाताला आफ्रिका, डाव्या हाताला वेस्ट इंडीजची बेटं, वर कोपऱ्यात इंग्लंड. त्यावर पेन्सिलीची टिंबं होती. प्रत्येक टिंब म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका ब्रिटिश जहाजाची त्या दिवशी दुपारी बारा वाजताची जागा. ते जहाज इंग्लंडहून कापड आणि लोखंड घेऊन निघायचं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर महिनोन्‌महिने नांगर टाकून माणसं विकत घ्यायचं, ती समुद्रापलीकडे नेऊन विकायचं आणि साखर भरून परत यायचं. त्याचं नाव एका मुलीचं होतं, बहुधा मालकाच्या मुलीचं. ते मला लिहावंसं वाटत नाही. त्याच्या तीन सफरींचं लॉगबुक कुठल्याशा संग्रहालयाने इंटरनेटवर ठेवलं होतं. पान पान वाचता येत होतं.

माझे पती देरामधल्या एका शिपिंग ऑफिसात कामाला होते. कोणत्या जहाजात कोणता कंटेनर कुठे बसवायचा, याचे आराखडे ते काढायचे. जड खाली, हलका वर, आधी उतरायचा तो हाताशी, आणि जागा वाया जाता कामा नये. त्या रचनेला स्टोवेज म्हणतात. एकदा ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये कुणीतरी पडद्यावर जुन्या गुलामवाहू जहाजाचा आराखडा दाखवला. माणसं ओळीने आडवी काढलेली, खांद्याला खांदा लावून. मागून कुणीतरी म्हणालं, "परफेक्ट स्टोवेज, हबीबी," आणि चार-पाच जण हसले. हे त्यांनी मला घरी येऊन सांगितलं. जेवले नाहीत.

"तुम्ही हसलात का?" मी विचारलं.

"नाही. पण मी आधी जागा मोजली गो. हसायच्या आधी माझ्या डोक्यात तेच आलं, की ह्याने जागा बरोबर वापरलीय."

त्यानंतर महिन्याभरात नकाशा भिंतीवर लागला. मी म्हटलं, लोक भिंतीवर मक्केचं चित्र लावतात, तुम्ही समुद्र लावलात. ते म्हणाले, "आपल्या घरात समुद्रच तर आहे."

ते खरं होतं. आम्ही दोघंही रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावांतले. त्यांचे वडील मालवाहू जहाजाच्या इंजिनात काम करायचे. हे सात वर्षांचे असताना गावात तार आली, की वडील समुद्रात पडले आणि सापडले नाहीत. आम्ही शाफई पंथाचे. मय्यत समोर नसली तरी जनाज्याची नमाज आमच्यात पढता येते. तशी ती पढली गेली. त्या दिवसाची एकच गोष्ट त्यांना आठवायची. "समोर काहीच नव्हतं," ते सांगायचे. "नुसती मोकळी जागा. आणि मी वाट बघत होतो, कधी वाकायचं. बाकीच्या नमाजांत वाकतो, जमिनीला कपाळ टेकतो. जनाज्याच्या नमाजेत वाकायचंच नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत उभंच राहायचं."

त्यांचा एक नियम होता. एका दिवसाला एकच टिंब. संध्याकाळी ऑफिसातून येऊन चहा प्यायचे, लॉगबुकातला पुढचा एक दिवस वाचायचे, अक्षांश-रेखांश वहीत उतरवायचे आणि पट्टी लावून टिंब द्यायचे. जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याला सात महिने थांबलं, तर भिंतीवरही ते सात महिने थांबलं. नात सुट्टीच्या दिवशी यायची, ती कंटाळायची.

"नाना, मेक इट गो फास्टर."

"त्यांना कुठे फास्ट जाता आलं, बेटा?"

"बट यू कॅन!"

"मला येतं म्हणूनच नाही करायचं."

मी शाळेत मराठी शिकवलेली बाई. मला वाचन प्रिय, पण ही वही मी त्यांच्या हयातीत कधी उघडली नाही. स्वयंपाकघरातून मला त्यांची पाठ दिसायची. कधी कधी टिंब देऊन झालं की ते खुर्ची मागे सारून उठायचे आणि तीन-चार मिनिटं तसेच भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मला वाटायचं, कंबर. बसून बसून काम करणाऱ्यांची धरतेच.

"धरली का कंबर?" मी आतून ओरडायचे.

"धरली गो."

"उशी घेतली होती ना?"

"घेतली होती."

कंबरेला लावायची ती उशी मी करामाच्या बाजारातून आणली होती. दोन वर्षं ते ती निमूटपणे पाठीशी घेऊन बसले.

आमच्यात विधवेने चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची असते. नवऱ्याच्या घरात राहायचं, साधं नेसायचं, गरजेशिवाय बाहेर पडायचं नाही. सुरुवातीला बायका भेटायला यायच्या, मग त्या कमी झाल्या. जावयाने कबरीचा फोटो दाखवला. इथल्या कबरींवर नाव नसतं. वाळूत एक दगड होता, त्यावर आकडा. मी फोन उलटा ठेवला.

फ्लॅटचा करार मे अखेरीस संपत होता. मुलगी राहते दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, तिच्याकडे माझ्यासाठी खोली तयार होती. मार्चमध्ये ती खोके घेऊन आली. नकाशाचा एक कोपरा तिने नखाने उचलून पाहिला, तर कागदाबरोबर भिंतीचा पोपडा निघाला.

"अम्मी, हा नाही निघायचा. फोटो काढून ठेवू. खलास."

"राहू दे अजून. जहाज मध्येच आहे."

"अम्मी, ते पोचलंय. दोनशे वर्षांपूर्वी पोचलंय."

ती गेल्यावर मी वही उघडली, ती एवढ्याचसाठी, की जहाज नेमकं कुठे थांबलंय ते पाहावं. प्रत्येक ओळीत तारीख, अक्षांश, रेखांश, वारा. काही ओळींच्या शेवटी लिहिलं होतं, "उभा राहिलो." कुठे "दोनदा उभा राहिलो." मला वाटलं, डॉक्टरला दाखवायला कंबरेची नोंद ठेवलीय. दुखण्याच्या बाबतीतही माणूस असा शिस्तीचा, म्हणून मी थोडी हसलेही.

मग मी कॉम्प्युटरवर लॉगबुक उघडलं. आधी वारा, मग शिडं, मग दुरुस्ती, आणि त्याच सुरात शेवटी एक ओळ. एक पुरुष मेला, समुद्रात टाकला. दुसऱ्या एका दिवशी एक मुलगी. नाव नाही. कुठे कुठे क्रमांक. मी वहीतली तारीख पाहिली. उभा राहिलो. पुढची पाहिली. ज्या दिवशी दोन माणसं मेली, त्या दिवशी दोनदा.

दुपारपर्यंत मी तिन्ही सफरी ताडून पाहिल्या. एकही मृत्यू त्यांच्या नोंदीतून सुटलेला नव्हता. एका खलाशाच्या मृत्यूपुढे लिहिलं होतं, "विचार केला. उभा राहिलो." दुसऱ्या सफरीत कप्तान तापाने मेला. तिथे लिहिलं होतं, "बसून होतो."

नमाज पढली असं त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही. त्यांतले कोण कोणत्या धर्माचे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीत ते हात घालत नसत. ते फक्त वाकले नाहीत, एवढंच. आणि मी आतून कंबरेचं विचारत होते. त्यांनी मला कधी दुरुस्त केलं नाही. का, याचा मी पुष्कळ विचार केला. सांगितलं असतं तर मी बायकांना कौतुकाने सांगितलं असतं, हे त्यांना माहीत असणार.

पलीकडच्या बेटापर्यंत अजून शेहेचाळीस दिवस उरले होते. मी पुढची पानं चाळली, कारण कुणी मेलं आहे का, हे बघितल्याशिवाय राहवेना. नऊ माणसं होती. त्यांच्यासाठी अजून कुणी उभं राहिलं नव्हतं, आणि भिंत मे अखेरपर्यंतच आमची होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी पेन्सिल हातात घेतली. पट्टी लावायला मुलीने व्हिडिओ कॉलवरून शिकवलं. तिला वाटत होतं, अम्मीला काहीतरी विरंगुळा मिळाला. आकडे माझ्या डोक्यात भराभर शिरत नाहीत. एका टिंबाला मला अर्धा तास लागायचा.

"रोज चार-चार दे ना," मुलगी म्हणायची. "पंधरा दिवसांत होईल. मग आरामात पॅकिंग करू."

"एकच द्यायचं असतं."

"कुणी सांगितलंय?"

मी तिला वही दाखवली. तिने उभ्या उभ्या वाचली, मग खाली बसून वाचली. अब्बाची कंबर तिलाही माहीत होती. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, ऑफिसातूनच. "अम्मी, आजचं टिंब झालं? आज कुणी आहे का?"

"आज नाही."

"इन्शाल्ला उद्याही नसेल," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

एकदा माझ्याकडून नियम मोडला. ताप आला, दोन दिवस अंथरुणातून उठता आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी तीन टिंबं एकदम दिली. त्यांतल्या मधल्या दिवशी एक बाई मेली होती. मी उभी राहिले, पण पायांत बळ नव्हतं, आणि टेबलाचा आधार घेतला. रात्रभर ते मनाला लागून राहिलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी पुन्हा उभी राहिले, आधाराशिवाय. वहीत दोन्ही लिहून ठेवलं.

उभं राहिल्यावर काय करायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. समोर पेन्सिलीची टिंबं, आणि ती जिथे संपतात तिथून पुढे कागद. मी त्या मोकळ्या जागेकडे बघत असे. कधी मनात काहीच यायचं नाही. कधी वाळूतला तो दगड यायचा, त्यावरच्या आकड्यासकट. तेव्हा मी कुणासाठी उभी आहे, हे मला सांगता आलं नसतं. वहीत मात्र मी त्या दिवशी जेवढे मेले तेवढेच लिहिले.

माझी इद्दत संपायच्या दोन दिवस आधी जहाज बेटाला लागलं. लॉगबुकात लिहिलं होतं, नांगर टाकला, हवा चांगली. किती जण उतरवले तो आकडाही होता. मी शेवटचं टिंब दिलं. साखर घेऊन परत जाण्याचा प्रवास मी काढला नाही. तो त्यांनीही काढला नसता, असं मी म्हणणार नाही. पहिल्या दोन सफरींत त्यांनी काढला होता. माझ्याच्याने झाला नाही, एवढंच.

इद्दत संपल्यावर मुलगी मला कब्रस्तानात घेऊन गेली. ती फाटकाशी थांबली. आकडा मला पाठ होता. मी दगडासमोर उभी राहिले, जितका वेळ ते उभे राहायचे तितका वेळ.

मे अखेरीस रंगारी आले. त्यांच्यातल्या म्होरक्याने हिंदीत विचारलं, "अम्मा, ये दीवार भी?" मी हो म्हटलं. त्याने पाण्याने कागद भिजवला आणि पत्र्याने खरवडला. मग पांढरा रंग लावला.

आता मी मुलीकडे राहते. वही माझ्याकडे आहे. तिच्यातल्या शेवटच्या शेहेचाळीस ओळी माझ्या अक्षरात आहेत. उशीही आहे.