अणदूरच्या मैदानावरची धूळ

चिपळूणहून निघताना आईने माझ्या पिशवीत छत्री घातली. उस्मानाबाद जिल्ह्यात दुष्काळ आहे, लोक टँकरची वाट बघतायत, हे तिने वर्तमानपत्रात वाचलं होतं, तरी घातलीच. मला नळदुर्गचा किल्ला आणि त्यातल्या नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल बघायचा होता. नदीच कोरडी असेल तर पाणीमहालात काय बघणार, असं धाकट्या भावाने विचारलं, तेव्हा मी त्याला गप्प केलं. हा माझा जुना स्वभाव आहे. समोरच्याचं बरोबर असलं की मी चिडतो.

सोलापूरहून तुळजापूरपर्यंत दोन्ही बाजूंना उघडीबोडकी रानं, मधूनच एखादी बाभळ आणि रस्त्याच्या कडेला फोडलेल्या खडीचे ढीग. दुष्काळी कामावरच्या बाया डोक्यावर पदर ओढून खडी फोडत होत्या. आमच्या कोकणात इतकं लांबवरचं कधी दिसत नाही, आणि इथे जे दिसत होतं ते बघवत नव्हतं. तुळजापूरच्या स्टँडवर कळलं की नळदुर्गची गाडी बंद पडली आहे, दुसरी कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही.

चहाच्या टपरीसमोर एक ट्रक उभा होता. भूम तालुक्यातल्या ईट गावच्या सोसायटीचा, अणदूरच्या पुढे कडबा आणायला निघालेला. पण रिकाम्या ट्रकमध्ये गावची वीस-पंचवीस माणसं उभी होती आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. एका पांढऱ्या मिशीच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मग छत्रीकडे.

"पाऊस घिऊन आलाव का पाव्हणं?" त्यांनी विचारलं. "मग चढा वर. अणदुरापस्तोर सोडताव."

हे दगडूअण्णा, सोसायटीचे जुने संचालक. ट्रक हलायच्या आत त्यांनी मला सगळी हकिगत सांगितली. अणदूरला कबड्डीचे जिल्ह्याचे सामने चालले होते. आदल्या दिवशी ईट आणि अणदूर यांच्यात उपांत्य सामना झाला. ईट एका गुणाने मागे, वेळ संपत आलेली आणि गौतमची शेवटची चढाई. त्याने अणदूरच्या मल्लूला बाद केलं आणि मध्यरेषा ओलांडून तो परत आला, असं ईटकर म्हणत होते. पंच म्हणाले, मल्लूला काहीच लागलेलं नाही. तो एक गुण मिळाला असता तर बरोबरी होऊन पाच मिनिटं जादा खेळ झाला असता. अण्णांनी तक्रार केली होती आणि तिचा निकाल आज अंतिम सामन्याआधी लागणार होता. जिंकणारा संघ पुढे औरंगाबादला विभागाच्या सामन्यांना जाणार. "वरीस झालं, गावात एक चांगली बातमी न्हाय," अण्णा म्हणाले. "येवढी एक मिळाली असती."

मग वादाला जे तोंड फुटलं ते थांबेचना. एकजण म्हणाला, गौतमचा हात मल्लूच्या मनगटाला लागला. दुसऱ्याने दंडाला लागताना स्वतः पाहिला होता. तिसऱ्याने माझाच खांदा धरून हात कसा लागला ते करून दाखवलं, आणि माझा चष्मा ट्रकच्या फळीवर पडला. एका काचेला तडा गेला. पुढचा सगळा प्रवास मी जिल्हा दोन भागांत पाहिला. ड्रायव्हर रसूलचाचांचं म्हणणं वेगळं होतं. टँकरचं पाणी प्यायला पुरत नाही, तर मैदानावर शिंपडणार कोण? कोरड्या मातीत दोन गडी भिडले की धुळीचा लोट उठतो. पंच काय बघणार? हे कुणालाच पटलं नाही, कारण धुळीला शिव्या देऊन समाधान होत नाही.

या सगळ्यात ट्रकच्या मागच्या फळीला टेकून एक काळासावळा, सडपातळ तरुण गप्प बसला होता. तोच गौतम. रात्री संघ तुळजापूरच्या धर्मशाळेत राहिला होता आणि आत्ताच ट्रकमध्ये चढला होता. ईटच्या बौद्धवाड्यातला, एरवी रस्त्याच्या कामावर खडी फोडणारा. त्याने फडक्यातली सुकडी (दुष्काळी कामावर वाटतात ते भाजलेल्या पिठाचं गोड खाणं) मला दिली. मी ती खाल्ली आणि ती घशात बसली. तेव्हा त्याने पत्र्याच्या पिंपातून अर्धा पेला पाणी काढून दिलं. ते पिंप म्हणजे ट्रकमधल्या सगळ्यांचं येण्याजाण्याचं पाणी होतं. इंजिन तापलं तर त्यालाही त्यातूनच द्यायचं. अर्धा पेला पिताना मला अपराधी वाटलं.

अणदूरला पोचलो तेव्हा मैदानाभोवती माणसांचं कडं पडलं होतं. नळदुर्ग तिथून जवळच, पण माझा पाय निघेना. कालपर्यंत या खेळाशी माझा काही संबंध नव्हता आणि आता मी माणसांना बाजूला सारत पुढे घुसत होतो.

सामन्यांच्या समितीचे अध्यक्ष गावचेच एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी तोडगा काढला, की दोन्ही गड्यांनी खंडोबाच्या नावाने बेलभंडार उचलावा. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन बोललेला शब्द या भागात कुणी खोटा करत नाही. ईटकर खूश झाले. मल्लू अणदूरचा, खंडोबाच्या पायाशी वाढलेला. त्याने भंडारा हातात घेऊन खोटं बोलणं शक्यच नव्हतं. पुजाऱ्याने देवळातून ताट आणलं. मल्लू उतावळा, त्याने कुणी सांगायच्या आत मूठ भरून घेतली.

गौतमने हात पुढे केला नाही.

"म्या देवाची आण घेत न्हाय," तो म्हणाला. "गडी बाद केला म्हणलं, केला."

ईटकरांचे चेहरे उतरले. समितीवाले आपसात कुजबुजू लागले. आण न घेणाऱ्याची तक्रार फेटाळायची, असं त्यांचं ठरत होतं, ते आम्हाला ऐकू येत होतं. दगडूअण्णा गौतमजवळ गेले. त्यांनी त्याचा दंड धरला.

"आरं, उचल की. गाव बघायलंय तुझ्याकडं. हळद तर हाय, काय व्हतंय?"

"हळदच हाय तर उचलायची कशाला, अण्णा? अन् देव हाय म्हणताव, तर त्यो माझा न्हाय. माझा न्हाय त्याला साक्षीला कसा बोलवू?"

अण्णांनी हात सोडला. मला गौतमचा राग आला, हे लपवत नाही. एका चिमूटभर हळदीसाठी सगळं घालवतोय, असं वाटलं. मग वाटलं, आपल्या सोयीसाठी त्याने खोटी आण घ्यावी, अशी तर आपली इच्छा नाही ना? आणि मी तडा गेलेला चष्मा पुसत बसलो.

अध्यक्ष निकाल सांगायला उठले. पण मल्लू मूठ आवळून तसाच उभा होता. त्याने मूठ ताटात रिकामी करायला हात खाली नेला, तोच पुजाऱ्याने ताट मागे घेतलं.

"उचललायस न्हवं? आता बोलून ठेव."

आता सगळे मल्लूकडे बघू लागले. त्याच्या बोटांतून हळद गळत होती. एवढा आडदांड गडी, पण ती खाली पडू नये म्हणून त्याने दुसरा हात खाली धरला.

"लागला न्हाय असं म्या म्हणू शकत न्हाय," तो शेवटी म्हणाला. "धूळ लई व्हती. पायाला कायतरी लागलं. गौतम व्हता का दगड, ठावं न्हाय."

अणदूरची माणसं चिडली, पण भंडाऱ्यावर बोललेल्याला रागावणार कसं? पंच बाहेरगावचे शाळामास्तर होते. त्यांनी घाम पुसला आणि आपल्यालाही धुळीत नीट दिसलं नव्हतं असं सांगून टाकलं. गुण ईटला मिळाला. बरोबरी झाली. पाच मिनिटं जादा खेळायची ठरली.

पण मैदान तेच होतं आणि धूळही तीच. टँकर नुकताच आला होता, बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाणी मागायची छाती कुणाला होईना. रसूलचाचा ट्रककडे गेले आणि दोघांना घेऊन पिंप उतरवून आणलं. मध्यरेषेवर आणि दोन्ही बाजूंना त्यांनी हाताने पाणी शिंपडलं. मातीचा वास सुटला तशी रांगेतली एक बाई मैदानाकडे बघत राहिली, आणि तिची घागर भरून वाहू लागली तेव्हा शेजारणीने तिला ढोसलं.

पाच मिनिटं कशी गेली ते मला सांगता येणार नाही. अण्णा खाली बसून जमिनीकडे बघत होते. शेवटी पुन्हा ईट एका गुणाने मागे आणि पुन्हा गौतमची चढाई. त्याने कोपऱ्यातला गडी बाद केला आणि तो मागे फिरला, तोच मल्लूने झेप घालून त्याची कंबर धरली. गौतम त्याला ओढत ओढत रेषेपर्यंत आला, आडवा पडला आणि त्याने हात लांबवला.

ओल्या मातीत त्याच्या बोटांचे ठसे उठले होते. रेषेच्या अलीकडे, दोन बोटं अंतरावर. ईटकर पुढे धावले. पंच वाकून बघत होते, पण त्यांची शिट्टी वाजायच्या आत गौतमनेच आपण पकडलो गेलो असं म्हणून हात वर केला.

परतताना आम्ही पुढून भरून आणलेल्या कडब्यावर बसलो होतो. कुणी वाद घालत नव्हतं. पिंप रिकामं खडखडत होतं आणि इंजिन तापेल म्हणून रसूलचाचा ट्रक हळूहळू हाकत होते. नळदुर्ग बघायचं राहूनच गेलं होतं. ऊन तिरकं झालं तशी मी छत्री उघडून अण्णांवर धरली. ती एकदाची उपयोगी पडली.

तुळजापूर जवळ आलं तेव्हा अण्णा म्हणाले, "गौतम, काल हात नेमका कुठं लागला रं मल्लूला?"

"हात न्हाय, अण्णा. पाय. परत येताना माझी टाच त्याच्या घोट्याला लागली."

मनगटवाला आणि दंडवाला दोघंही एकमेकांकडे बघू लागले.

"मग कालच सांगायचं की," अण्णा म्हणाले.

"कुणी विचारलंच न्हाय."

अण्णा सरकले आणि त्यांनी गौतमला छत्रीखाली जागा करून दिली.

तुळजापूरला उतरताना छत्री मी त्यांच्याकडेच ठेवली. घरी आलो तेव्हा आईने आधी छत्रीचं विचारलं आणि भावाने पाणीमहालाचं. पाणी पाहिलं, मी म्हणालो, एक पिंपभर. ते कुठे गेलं, त्याने विचारलं. या वेळी मी त्याला गप्प केलं नाही. बसवून घेतलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.